बारा बियांत गावरान वाण मावत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, नाहीतर भलत्याच प्रश्नाचे लांबलचक उत्तर व्हायचे. तुमच्याकडे हेंपच्या, म्हणजे धागा-बियांसाठी लावल्या जाणाऱ्या भांगेच्या, पैदाशीचा परवाना आहे. कमी पाण्यावर तग धरणारा, टीएचसीच्या, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याच्या, कायदेशीर मर्यादेत राहणारा, बी आणि धागा दोन्ही देणारा वाण तुम्हाला तयार करायचा आहे. तुमच्या हाती दोन पाकिटे आली आहेत, प्रत्येकात बारा बिया. एकावर लिहिले आहे 'हिंदुकुश, शंभर टक्के शुद्ध लँडरेस', दुसऱ्यावर 'थाई, शुद्ध'. लँडरेस म्हणजे आपला गावरान वाण. यांचा आधुनिक वाणाशी थेट संकर करावा का, आणि केला तर शेकडो वर्षांचे शुद्ध बियाणे आपण बाटवतो का, असे तुम्ही विचारता.

बाटवण्यापासूनच सुरुवात करतो, कारण सगळा घोळ 'शुद्ध' या शब्दात आहे.

शुद्ध वाणाची कल्पना गहू, भात, हरभरा अशा स्वतःच्याच परागावर दाणे धरणाऱ्या पिकांतून आली. तिथे एका ओंबीचे दाणे पिढ्यानपिढ्या पेरत गेलात की सगळी रोपे एका साच्यातली निघतात. भांगेच्या झाडाचे तसे नाही. नर वेगळा, मादी वेगळी आणि पराग वाऱ्यावर. प्रत्येक बी म्हणजे दोन वेगळ्या झाडांचे लेकरू. अशा पिकाचा गावरान वाण म्हणजे शेतात एकत्र वाढणारा आणि आपसांत बी धरणारा हजारो झाडांचा जमाव. त्यात काही झाडे आठवडाभर आधी फुलतात, काही उशिरा. काही दुष्काळात तगतात, काही ओल जास्त झाली तरी सडत नाहीत. आपण नाव देतो ते त्या जमावाच्या सरासरीला. 'शुद्ध लँडरेस' म्हणून दाखवलेल्या प्लॉटमधली सगळी झाडे जुळ्या भावंडांसारखी दिसली, की मला आधी शंका येते. कोणीतरी दोन-चार झाडांवरून ते बी वाढवलेले असते. आणि पाकिटावर 'फेमिनाइज्ड', म्हणजे फक्त माद्याच देणारे बी, असे लिहिलेले असेल तर विषयच संपला. नराशिवाय गावरान वाण पुढे जात नाही.

(ताग आणि अंबाडीलाही इंग्रजीत 'हेंप' जोडलेली नावे आहेत. त्या वेगळ्या वनस्पती आहेत. मी बोलतो आहे ते कॅनाबिसबद्दल, धाग्याचे असो वा रेझिनचे, म्हणजे फुलांवरच्या चिकट, नशेच्या डिंकाचे.)

मग गावरान वाणात खास काय असते? जागा आणि माणसाचा हात, दोघांनी मिळून केलेली निवड. खाण तशी माती म्हणतात ते इथे अक्षरशः खरे आहे. हिंदुकुशच्या पट्ट्यात हवा कोरडी आणि थंडी लवकर येणारी. तिथली झाडे बुटकी, रुंद पानांची, लवकर पिकणारी, घट्ट कणसांची. तिथे वाळलेली झाडे झोडून, चाळून रेझिन काढतात. म्हणजे सगळ्या शेताचा माल एकत्र होतो आणि बीही एकत्र पडते. एकेक झाड पाहून निवडणे फार कमी. गांजा पिकवणाऱ्या भागांत प्रकार वेगळा होता. १८९३-९४ च्या इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनने बंगालमधल्या 'पोद्दार' नावाच्या जाणकारांची नोंद केली आहे. शेतात फिरून नर झाडे ओळखून उपटणे हे त्यांचे काम. अशा शेतात पुढच्या वर्षीचे बी कुठून येणार? नजरेतून सुटलेल्या एखाद्या नरापासून, नाहीतर मादीवरच उगवलेल्या चार नरफुलांपासून. वनस्पती तीच, पण निवडीचा रस्ता पूर्ण वेगळा. विषुववृत्ताजवळच्या दमट भागांत अरुंद पानांची, मोकळ्या कणसांची, महिनोन्महिने फुलत राहणारी झाडे टिकली. घट्ट कणीस तिथे बुरशीने जाते.

नावांच्या बाबतीत मात्र कुणावर विसंबू नका. लामार्कने १७८५ मध्ये 'इंडिका' हे नाव भारतातून आलेल्या अरुंद पानांच्या नमुन्यांना दिले होते. आज बाजारात रुंद पानांच्या अफगाणी झाडांना इंडिका म्हणतात आणि लामार्कच्या झाडासारखी दिसणारी 'सटायवा' म्हणून विकली जातात. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बरेच नमुने जनुकीय चाचणीतून तपासले तेव्हा वाणाचे नाव आणि प्रत्यक्ष नाते यांचा मेळ अनेकदा बसला नाही. म्हणून पाकिटावरच्या नावापेक्षा मी वेगळे प्रश्न विचारतो. बी कोणत्या खोऱ्यातले, किती उंचीवरचे? कोणत्या वर्षी गोळा केले? किती माद्यांवरून? त्यानंतर किती वेळा, कुठे आणि किती झाडांवर वाढवले? या चार प्रश्नांची उत्तरे नसतील तर ते बी वाईट ठरत नाही, पण त्याला 'हिंदुकुश' म्हणू नका. 'नमुना क्रमांक एक' म्हणा आणि झाड काय दाखवते ते पाहा.

आता तुमच्या बारा बिया. समजा, मूळ जमावात एखादे उपयोगी जनुक दर शंभरात पाच प्रतींत आहे. रोगप्रतिकाराची जनुके बरेचदा इतकी विरळच असतात. बारा झाडांत प्रत्येकी दोन, अशा चोवीस प्रती. त्यांत ते एकदाही नसण्याची शक्यता ०.९५ चा चोवीसावा घात, म्हणजे सुमारे २९ टक्के. जवळजवळ तीनात एकदा ते जनुक तुमच्या हाती आलेलेच नाही. तीस असंबंधित झाडे असती तर ही शक्यता पाच टक्क्यांखाली गेली असती. म्हणून जननद्रव्य, म्हणजे पैदाशीसाठी राखायचे बियाणे, गोळा करणारे किमान तीस झाडांचे, आणि जमल्यास त्याहून पुष्कळ जास्त, बी घेतात.

हे झाले हाती येतानाचे नुकसान. पुढचे नुकसान आपण स्वतः करतो. बारापैकी नऊ उगवल्या, त्यात एक नर आणि आठ माद्या निघाल्या. तुम्ही म्हणाल, नऊ झाडे आहेत. पण पुढच्या पिढीचा अर्धा वारसा त्या एकट्या नराकडून येणार. नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले एकूण झाडे, हे साधे सूत्र लावा: ३२ भागिले ९, म्हणजे साडेतीन झाडांएवढाच तो समूह. त्यातली सुमारे १४ टक्के विविधता एका पिढीत जाते. तीन नर आणि सहा माद्या निघाल्या तर आकडा आठ येतो आणि तोटा सहा टक्क्यांवर उतरतो. पन्नास नर, पन्नास माद्या असतील तर अर्धा टक्का. पोद्दाराची सवय इथे घातक ठरते. बी वाढवायचे असेल तर नर हे तुमचे भांडवल आहे.

मी हे शहाणपण पुस्तकातून घेतलेले नाही. सुरुवातीच्या वर्षांत डोंगरी भागातला एक सुंदर नमुना माझ्या हाती होता. जागा कमी म्हणून दरवेळी पंधरा-वीस झाडांवर वाढवला. चौथ्या पिढीत झाडे खुजी, परागाची धार कमी, बी हलके. आधी मला वाटले, जमीन बिघडली. जमिनीचा काही दोष नव्हता. मी त्यांना आपसातच लग्ने लावायला भाग पाडले होते आणि परपरागी पीक ते सहन करत नाही. मूळ बी शिल्लक ठेवले नव्हते, हा दुसरा गाढवपणा.

तर बाटवण्याच्या तुमच्या काळजीला माझे उत्तर असे. संकर केल्याने गावरान वाण बाटत नाही. तुमच्या प्रयोगशेतातल्या संकराने हिंदुकुशमधल्या शेताचे काही बिघडत नाही. बिघडते ते उलट दिशेने, जेव्हा संकरित बी वाणाच्या मूळ गावी जाऊन पोहोचते. मोरोक्कोच्या रिफ डोंगरात पावसाच्या पाण्यावर येणाऱ्या जुन्या वाणाला 'बेल्दिया' म्हणतात. त्याचा अर्थ आपल्या 'गावरान'च्या जवळचाच. जास्त उत्पन्नासाठी तिथे 'खर्दाला' आणि पुढे परदेशी संकरित वाण आले. त्यांना पाणी पुष्कळ लागते आणि डोंगरातले झरे, विहिरी आधीच तोकड्या. वाऱ्यावरचा पराग बांध ओळखत नाही. दक्षिण स्पेनमधल्या मालागाच्या परागमापकांवर समुद्रापलीकडच्या उत्तर आफ्रिकेतून आलेला कॅनाबिसचा पराग सापडला आहे. त्यामुळे शेजारच्या खोऱ्यात संकरित नर असेल तर बेल्दिया बेल्दिया राहणे कठीण. मॅकपार्टलंड आणि स्मॉल या अभ्यासकांनी २०२० मध्ये दक्षिण व मध्य आशियातल्या अशा समूहांचे नव्याने वर्गीकरण केले, तेव्हा हीच मिसळ त्यांच्या ऱ्हासाचे कारण म्हणून पुढे ठेवली. पुढच्याच वर्षी ११० जनुकसंचांच्या अभ्यासातून दिसले की या पिकाचा निखळ रानटी पूर्वज आता सापडत नाही. आज रानात दिसते ते बहुतेक शेतातून सुटलेले झाड. म्हणजे मागे जाऊन शोधायला गावरान वाणापलीकडे फारसे काही उरलेले नाही.

जुन्या वाणांत आधुनिक वाणांनी गमावलेले काही असते का, हे तुम्ही विचारलेत. असते, पण ते दिसत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. याचे मला आवडणारे उदाहरण गव्हाचे आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी १९४८ मध्ये तुर्कस्तानातून एक गहू गोळा केला. उंच, बारीक काडीचा, लोळणारा, तांबेऱ्याच्या एका प्रकाराला बळी पडणारा, पावाला निकामी. पी.आय. १७८३८३ असा क्रमांक देऊन तो पंधरा वर्षे पडून राहिला. साठच्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळा तांबेरा पसरला तेव्हा तपासणीत कळले की हाच गहू त्याच्या चार प्रकारांना दाद देत नाही, शिवाय काणीच्या कितीतरी प्रकारांनाही. त्या भागातल्या गव्हाच्या पैदाशीत तो मग सर्रास वापरला गेला. पण शेतकऱ्याने तो गहू जसाच्या तसा कधीच पेरला नसता.

हेंपमध्येही हेच दिसते. फिनलंडचा 'फिनोला' हा लवकर येणारा, बुटका, बियांचा वाण रशियातल्या वाविलोव संस्थेच्या बियाणे-संग्रहातल्या उत्तर रशियाच्या दोन नमुन्यांतून उभा राहिला. इटलीतल्या कार्मान्योलाचा गावरान हेंप अनेक धाग्याच्या वाणांच्या वंशावळीत आहे. चीनमधला 'युन्मा क्रमांक १' युनानच्या स्थानिक वाणातून निवडलेला. उलट बाजूही सांगतो. लिस्टर ड्यूई यांनी अमेरिकी कृषी खात्यात १९१२ नंतरच्या दोन दशकांत चिनी, इटालियन अशा बियांतून चिंग्टन, किमिंग्टन, फेरामिंग्टन हे उत्तम वाण काढले. पुढे ते बी कोणी जिवंत ठेवले नाही. आज त्यांचे वर्णन वाचायला मिळते, पेरायला काही नाही.

आता संकराकडे वळू. इथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट, तुमचे अक्षांश. दिवस किती लहान झाल्यावर झाड फुलायला लागते, हे त्याच्या मूळ गावाने ठरवलेले असते. मी एकदा विषुववृत्ताजवळचा नमुना लांब उन्हाळ्याच्या जागी लावला. झाडे चार मीटरवर गेली, बघायला माणसे यायची. दव गोठायला लागले तेव्हा कुठे पहिली फुले दिसली. बी शून्य. तुमचे 'थाई' पाकीट खरोखर थाई असेल तर तुमच्याकडे असेच होण्याचा संभव मोठा आहे. ते बंदिस्त जागेत दिवस लहान करूनच फुलवावे लागेल.

दुसरी गोष्ट टीएचसी. रेझिनच्या वाणाशी संकर करताना नवखे इथेच घाबरतात किंवा फसतात. टीएचसी आणि सीबीडी (त्याच झाडातले, पण नशा न आणणारे द्रव्य) तयार करणारी जनुके एकाच जागच्या दोन पर्यायांसारखी वागतात, आणि दोन्ही एकत्र आली तर दोघांचेही काम दिसते. हे २००३ मध्ये डे मेयर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. टीएचसीचे झाड आणि सीबीडीचे हेंप यांच्या पहिल्या पिढीत प्रत्येक झाडात दोन्ही साधारण सारखेच येतात. म्हणजे सगळीच्या सगळी पिढी मर्यादेबाहेर. कागदपत्रांत ही पिढी आधीच दाखवून ठेवा, नाहीतर तपासणी आली की पळापळ होते. पहिल्या पिढीची पुन्हा हेंपशी गाठ घातली की निम्मी झाडे निव्वळ सीबीडीची निघतात. ती रोपावस्थेतच डीएनए चाचणीने ओळखता येतात. तेवढीच ठेवली की पुढे टीएचसीचे जनुक त्या समूहात परत येत नाही. एक बारकावा मात्र राहतो. सीबीडी बनवणारे विकर (एन्झाइम) थोडे टीएचसीही सोडतेच, साधारण पंचवीसास एक या प्रमाणात. सीबीडी सात-आठ टक्क्यांवर गेले की टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचते. (हा ०.३ चा आकडा मुळात नशेशी किंवा अपायाशी जोडलेला नव्हता. १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट यांनी वर्गीकरणासाठी एक रेघ ओढली, कायदे करणाऱ्यांनी तीच उचलली.) तुम्हाला बी आणि धागा हवा आहे, तेव्हा एकूण रेझिनच कमी असलेली झाडे निवडा.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे दुष्काळ सोसण्याचा गुण. टीएचसीसारखा तो एका जनुकावर टांगलेला नाही. मुळांची खोली, पानांची जाडी, फुलण्याची वेळ, अशा पुष्कळ लहान गोष्टींची ती बेरीज आहे. दोन-तीन पश्चसंकर करून, म्हणजे संकराची पुन्हा पुन्हा आधुनिक वाणाशीच गाठ घालून, गावरान वाटा १२ किंवा ६ टक्क्यांवर आणलात की त्या बेरजेतले बरेच आकडे गळालेले असतात. म्हणून एका जनुकासाठी पश्चसंकर आणि असल्या गुणासाठी पुनरावर्ती, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी केलेली, निवड, असा माझा ठोकताळा आहे. गावरान आणि आधुनिक वाणाचा संकर घ्यायचा, तो एकदाच दुसऱ्या आधुनिक वाणाशी करायचा, म्हणजे गावरान वाटा चौथा हिस्सा राहतो. मग दोनशेच्या वर झाडे आपसांत मोकळी फुलू द्यायची आणि अर्ध्या पाण्यावर तीन-चार फेऱ्या निवड करायची. याला पाच-सहा वर्षे जातात. पहिल्या दोन वर्षांत मिळणारे बी आधुनिक वाणापेक्षा वाईटच दिसेल आणि तुमचे भागीदार तोंड वाकडे करतील. त्यांना आधीच सांगून ठेवा.

या फेऱ्यांत एक चूक जवळजवळ सगळेच करतात. काढणीला उत्तम माद्या निवडून त्यांचेच बी घेतात आणि निवड झाली असे समजतात. पण त्या माद्यांवर पराग शेतातल्या चांगल्या-वाईट सगळ्या नरांचा पडलेला असतो, म्हणजे निवडीचा अर्धा फायदा गेला. नर आधी फुलतात आणि बी भरायच्या आधी वाळून जातात, त्यामुळे त्यांची पारख फुलण्यापूर्वीच करावी लागते. मी पाण्याचा ताण लवकर देतो, कोमेजणारे नर फुलायच्या आत काढतो, आणि प्रत्येक निवडक मादीचे बी वेगळ्या पिशवीत ठेवतो. अर्धे बी पुढच्या हंगामात ओळींत पेरून पाहायचे, अर्धे राखून ठेवायचे. ज्या माद्यांच्या ओळी चांगल्या निघाल्या, त्यांच्या राखलेल्या बियांचेच पुढे मिश्रण करायचे.

परदेशातून आलेल्या बियांच्या बाबतीत एक कायदेशीर मुद्दा उरतो. २०१४ पासून देशोदेशींच्या जैविक संपत्तीच्या वापराबद्दलचा नागोया हा आंतरराष्ट्रीय करार लागू आहे. मूळ देशाची परवानगी आणि लाभाच्या वाटणीचा करार नसेल, तर त्यातून काढलेल्या वाणाची नोंदणी पुढे अडकू शकते. हे नियम देशागणिक वेगळे आहेत, तेव्हा वकिलाला आताच विचारा. वाण तयार झाल्यावर विचारलेत तर वरातीमागून घोडे.

तुमच्या जागी मी काय केले असते ते सांगतो. थाई पाकीट तूर्त उघडले नसते. बी नीट वाळवून, हवाबंद करून शून्याखाली ठेवले असते. हे तेलबी आहे, उघड्यावर दोन-तीन वर्षांत उगवण घसरते. पण ओलावा एक टक्क्याने उतरवला की आयुष्य साधारण दुप्पट होते आणि थंडी पाच अंशांनी वाढवली की पुन्हा दुप्पट. हिंदुकुशच्या पाकिटातल्या सहा बिया राखून सहा लावल्या असत्या. उगवतील त्या सगळ्या नरांचा पराग मिसळून हेंपच्या निदान वीस माद्यांवर टाकला असता. गावरान माद्यांवर हेंपच्या बऱ्याच नरांचा पराग टाकला असता. एवढ्या थोड्या झाडांचा वाण जपता येत नाही, पण त्यातली जनुके अशा रीतीने पुष्कळ झाडांत पसरून ठेवता येतात. आणि हे चालू असतानाच वाविलोव संस्थेसारख्या जननद्रव्य संग्रहाकडे त्याच पट्ट्यातल्या, गोळा केल्याची नोंद असलेल्या नमुन्यांची रीतसर मागणी केली असती. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर तुमच्या पहिल्या संकराच्या पानांची चाचणी होऊन येईल.